घोडी फिरणार नाही

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार गृहीत धर. प्रेम आहे की नाही ते मागाहून बघू, आधी काम सांगते.

मला हसरा घोडा येत नाही.

झालं, लिहिलं एकदाचं. आता खुर्चीत मागे रेलून हवं तितकं हसून घे आणि मग पुढचं वाच.

बाबांच्या माघारी कारखाना मी चालवतेय, हे तुला आईकडून कळत असेलच. ती दर रविवारी मागच्या अंगणात जाऊन 'मैत्रिणीशी' फोनवर बोलते आणि त्या मैत्रिणीला जेवलास का म्हणून विचारते. मला कान आहेत.

तर या वर्षी पहिल्यांदा अख्ख्या चक्रीचं काम आलंय. एखाददुसरा डुलता घोडा नाही. तलावाकाठच्या बागेत गोल फिरणारी चक्री बसणार आहे आणि तिच्यावरची सगळी जनावरं आपल्या कारखान्यातून जाणार आहेत, लाकडाची, हातानं कोरलेली. हे काम नीट झालं तर कारखाना चालेल. नाही झालं तर आईच्या भाषेत 'पटाश्या धुवून वाळत घाला'.

बागेच्या मालकाचं नाव आईने पब्लिकशेठ ठेवलंय, कारण त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. पब्लिकला पांढरा रंग आवडतो. पब्लिकला आयाळीत फुलं लागतात. पब्लिकला हसरा घोडा पाहिजे. मी म्हटलं, घोड्याला काय पाहिजे ते कुणी विचारलंय का? तर म्हणाला, "ताई, घोडा तिकीट काढत नाही."

तुझं आणि त्याचं छान जमेल.

मी करून बघितलं. पहिला घोडा दाढ दुखत असल्यासारखा दिसला. दुसरा मतं मागायला दारात आलाय असं वाटलं. तिसरा बघून आई म्हणाली, "हा तुझ्या आत्यासारखा हसतोय, फक्त दात दाखवून." तिन्ही डोकी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलीत.

बाबांचे घोडे हसायचे. तुझेही हसतात. मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसून पटाशी धरायला शिकले, आणि माझ्या हातून निघतात ते रुसलेले, कान मागे टाकलेले, नाहीतर म्हातारे. मला ते आवडतात. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. पण जे आपल्याला येत नाही त्याला नाक मुरडायचा हक्क आपल्याला नसतो, एवढं कळतं मला. आधी येऊ दे, मग मुरडीन.

तेव्हा हसू कसं काढायचं ते लिहून पाठव. उपकार केलेस असं समजू नकोस, मी समजणार नाही.

कागदोपत्री तरी तुझीच बहीण

१९ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं. मोजून मापून लिहिलंयस. सोबत कापून पाठवलेला जबड्याचा कागदी नमुनाही मिळाला. त्यावर तुझ्या पेन्सिलीचा काळा अंगठा उठलाय, अजूनही हात न पुसता काम करतोस. लिहितोस:

"हसू ओठात शोधू नकोस. ओठ सगळ्यात शेवटी. आधी गाल उचल, खालची पापणी वर घे, नाकपुडी सैल सोड. आणि डोळा खाली बघू दे. घोड्यापाशी येणारं पोर घोड्याच्या छातीएवढं असतं. तुझे घोडे क्षितिजाकडे बघत उभे असतात. क्षितिजही तिकीट काढत नाही."

वाचून चिडचिड झाली. बरोबर लिहिलेलं वाचलं की होतेच.

शेवटी विचारलंयस, ती घोडी अजून ठेवलीयस का. त्याचं उत्तर आज देणार नाही. पण ती गोष्ट तू आईला तुझ्या बाजूने सांगितलीस, आता माझ्या बाजूने ऐक. खेळण्यांच्या दुकानदाराने डुलता घोडा मागितला होता. मी त्याला पाठ वाकलेली, डोळ्यांभोवती सुरकुत्या असलेली म्हातारी घोडी करून दिली. एक कान मागे वळवलेला, कोणी हाक मारतंय का ते ऐकणारा. दुकानदार म्हणाला, "ही बघून पोरं भोकाड पसरतील," आणि ठेवून गेला. मी जेवायला गेले. परत येऊन बघते तर तू तिला टेबलावर घेतलंयस, हातात कानस, आणि उजवा गाल साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झालेला. सुरकुत्या भुशात गेलेल्या. डावीकडे जायच्या आत मी कानस हिसकावून घेतली म्हणून अर्धी घोडी वाचली.

तू म्हणालास, "कुणी घेतली नाही तर ती घोडी नाही, सरपण आहे." मी म्हणाले, "तू कारागीर नाहीस, इस्त्रीवाला आहेस." पुढच्याच महिन्यात तू फायबरच्या कारखान्यात गेलास. तिथे एका साच्यातून सगळे घोडे एकसारखे हसत बाहेर पडतात आणि कानस कुणी हिसकावत नाही.

असो. आता मी काय ठरवलंय ते ऐक.

चक्रीवरच्या घोड्याची बाबांची रीत तुला माहीत आहे. बाहेरची बाजू म्हणजे दिवाणखाना: आयाळ, फुलं, खोगिराची झालर, सगळा थाट तिथे. आतली, चक्रीच्या मधल्या खांबाकडची बाजू म्हणजे अडगळीची खोली: सपाट लाकूड, वर एक हात रंग. "आतली बाजू कोण बघतं?" असं बाबा म्हणायचे. मी बघायचे! तू बाहेरच्या घोड्यासाठी आकांत करायचास, म्हणून मला कायम आतल्या रांगेत बसवायचे. माझं सगळं बालपण अडगळीच्या खोल्या बघण्यात गेलं.

तर आता प्रत्येक जनावराची उजवी, म्हणजे बाहेरची बाजू पब्लिकशेठची. हसरी, पांढरी, फुलंबिलं सगळं. आणि डावी, आतली बाजू माझी. तिथे मला हवं तेच कोरीन. दोन्हींमधली शिवण बरोबर नाकावरून जाईल.

तुझा सल्ला फक्त उजव्या बाजूपुरता मागितला होता, हे ध्यानात असू दे.

२३ मार्च

दादा,

पहिला अर्धा घोडा हसला! काल संध्याकाळी आई चहा घेऊन आली, कप ठेवायचा विसरली आणि त्याच्या गालावरून हात फिरवत उभी राहिली. माझ्या एकाही घोड्याच्या गालावरून तिने आजवर हात फिरवला नव्हता. मला आनंद झाला आणि त्याचा रागही आला, दोन्ही लिहिते.

तुझ्या कागदी नमुन्यावरून केलेला तो पांढरा घोडा. हसू काढणं रुसवा काढण्यापेक्षा अवघड आहे. रुसवा लाकडात असतोच, गाठीगाठीत असतो. हसू घालावं लागतं, आणि केसभर जास्त झालं की आत्याबाई हजर.

आणखी एक. डोळा खाली बघू दे म्हणालास, ते मी डावीकडेही केलं. आधी माझा रुसलेला घोडा सगळ्या जगावर रुसायचा आणि जगाला त्याचं सोयरसुतक नसायचं. आता तो समोरच्या पोरावर रुसतो. फरक एवढासाच आहे, पण घोडा जिवंत झाला. ही युक्ती मी ठेवून घेतेय, परत मागू नकोस. लबाड बकरी झाली, झोपाळू खेचर झालं, कान पाडलेला भित्रा घोडा झाला. उजवीकडून सगळे कसे शहाण्या बाळासारखे. समोरून बघितलं तर वाटतं, हा आता तोंड उघडून काहीतरी बोलणार.

आता तुझ्या दुसऱ्या पत्राकडे वळते. 'दुतोंडी घोडे' म्हणालास, ते सोडून दिलं. पण खाली लिहिलंयस, "अडगळीच्या खोलीत बंड कुणीही करतं. धमक असेल तर बाहेर लाव."

वाचल्यावर मी कारखान्यातून उठून तलावापर्यंत चालत गेले आणि परत आले. धमक! साच्यातून घोडे काढणाऱ्याने धमकेच्या गोष्टी कराव्यात? तू बाजारापुढे मान तुकवलीस आणि मला विचारतोस, तू ताठ उभी का नाहीस? अरे, आईची औषधं, कारखान्याचं छप्पर, हे सगळं उजव्या बाजूच्या जिवावर चालायचंय. दोन्ही बाजू सांभाळणं याला तू भित्रेपणा म्हणतोस. मी म्हणते, एकच बाजू सांभाळायला काय लागतं? ते तुला जमलं, उद्या मलाही जमेल.

पत्र चुरगळून टाकलं होतं. मग उचलून सरळ केलं, कारण मागच्या बाजूला तू आयाळीचं रेखाटन काढलंयस आणि ते मला लागणार आहे.

३० एप्रिल

दादा,

बस. पाणी पी. मग वाच.

काल बागेत चक्री जुळवली. सगळी जनावरं आपापल्या खांबांवर चढली, उजवी बाजू बाहेर. पब्लिकशेठ भोवती फिरून टाळ्या वाजवत होता. मिस्त्रीने यंत्राचं बटण दाबलं आणि चक्री फिरली.

उलटी.

सगळे घोडे शेपट्या पुढे करून मागे मागे धावायला लागले. हसत. फुलं माळून. मला आधी वाटलं, मलाच चक्कर येतेय. पब्लिकशेठ ओरडला, "ताई, पब्लिक उलट्या करेल हो!"

शेठने यंत्र जुनं घेतलंय, दुसऱ्या कुठल्यातरी बागेतून उचललेलं, आणि ते दुसऱ्या दिशेने फिरतं. मिस्त्री म्हणाला, "दिशा बदलायची तर दाते उघडावे लागतील, एक भाग नवा करून घ्यावा लागेल. रविवारच्या आत होणं नाही." आणि रविवारी उद्घाटन, पाट्या लागलेल्या.

तू विचारशील, यंत्र कुठल्या दिशेने फिरतं ते आधी विचारलं नाहीस? नाही विचारलं. बाबांच्या सगळ्या चक्र्या एकाच बाजूने फिरायच्या. आपल्या घरात हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. सूर्य उद्या कुठून उगवणार, असं कुणी विचारतं का? आणि नाही, मुद्दाम केलं नाही. तुझ्या त्या ओळीनंतर तुला तसं वाटणार, म्हणून बजावून सांगते.

यंत्र बदलत नाही म्हटल्यावर घोडे फिरवणं आलं. तोंडं तिकडची इकडे केली. म्हणजे कुठली बाजू बाहेर आली, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

पब्लिकशेठने डावी बाजू तोवर बघितलीच नव्हती. आतली बाजू कोण बघतं? तो बकरीसमोर थांबला, खेचरासमोर थांबला. टाळ्या बंद.

"हे काय आहे?"

"ही पण तुमचीच जनावरं."

"ताई, ही सगळी माझ्यावर नाराज आहेत!"

मग तो थोडा सावरला आणि म्हणाला, "हरकत नाही. अजून वेळ आहे. जरा कानस फिरवा, सगळं गुळगुळीत करा, वरून पांढरा रंग मारा. ओठ मी माझ्या पेंटरकडून काढून घेतो." आणि माझ्याच पेटीतली कानस उचलून त्याने माझ्यापुढे धरली.

दादा, तीच कानस. हिसकावून घेतलेली.

मी ती घेतली, पेटीत टाकली, झाकण लावलं आणि पेटीवर बसले. म्हटलं, "शेठ, या बाजूला कानस लागणार नाही."

"मग मी सगळा माल परत पाठवतो."

"पाठवा. रविवारी रिकामी चक्री फिरवा. पब्लिकला रिकामी चक्री आवडते का ते तरी कळेल."

त्याने चक्रीकडे बघितलं, उद्घाटनाच्या पाट्यांकडे बघितलं. मी उठले नाही. शेवटी म्हणाला, "रविवारपुरतं राहू दे. पण पब्लिकनं नाक मुरडलं तर सोमवारी कानस मी स्वतः फिरवणार."

तर बाहेर लागलेत. तुला हवं होतं तसं. रविवारपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, हेही लिहून टाकते.  

६ मे

दादा,

पब्लिकनं काय केलं ते तिखटमीठ न लावता सांगते.

बहुतेकांनी काहीच केलं नाही. तिकीट काढलं, बसले, फिरले, उतरले. घोड्याकडे बघितलंही नाही. इतकी वर्षं पब्लिकवरून आपण दोघं भांडतोय आणि पब्लिक आपल्या तंद्रीत. बकरी बघून एक पोरगं रडलं. एका गृहस्थाने शेठला विचारलं, "जुने घोडे स्वस्तात उचलले का?" ते मला लागलं. तिथेच उभी होते मी.

पण एक बाई कान पाडलेल्या घोड्यासमोर थांबली आणि आपल्या हट्टी लेकाला म्हणाली, "हा बघ, अगदी तुझ्यासारखा." पोराने घोड्याच्या डोळ्यात बघितलं, घोड्याने पोराच्या. मग तो त्यावरून उतरायलाच तयार होईना. डोळा खाली बघत होता, म्हणून जमलं. म्हणजे त्या घोड्यात तूही थोडा आहेस, आणि हे मी दात-ओठ खात लिहितेय. काही मुलांनी मात्र पलीकडचं हसू शोधून काढलं आणि तिकडूनच चढायचा हट्ट धरला. त्यांचंही चूक नाही. ते हसू चांगलंच आहे.

आता तुझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर. हो, घोडी ठेवलीय. चक्रीवर आहे. शेठला सांगितलं, वेळ कमी पडला म्हणून कारखान्यातली एक तयार घोडी लावली. ते खोटं. सगळ्यात आधी तिची जागा ठरली होती, बाकीची चक्री तिच्यावरून बेतली. उजवीकडून तू, डावीकडून मी, मध्ये नाकावर शिवण. दोन बाजूंची कल्पना मला सुचली असं तुला वाटलं असेल. ती आपल्या भांडणातून टेबलावर तयार होऊन पडली होती, मी फक्त उचलली. तुझ्या कानशीच्या खुणा तशाच ठेवल्यात.

पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी परत परत तिच्यावरच बसत होती. सुरकुत्यांमधून बोट फिरवत होती. दुकानदाराला म्हणावं, नाही पसरलं भोकाड.

सोमवारी शेठ आला, तेव्हा मी पेटीवर बसूनच होते. तो म्हणाला, "उठा ताई. पब्लिकनं नाकही मुरडलं नाही आणि टाळ्याही वाजवल्या नाहीत. मला काही समजेनासं झालंय." कानस पेटीतच राहिली.

२१ मे

दादा,

मिस्त्रीने यंत्राचे दाते बदलले. चक्री आता बाबांच्या चक्रीसारखी फिरते. शेठने घोडे पुन्हा फिरवून घेतले, हसू बाहेर. मी हरकत घेतली नाही. ते हसूही माझंच आहे, घाम गाळून काढलंय. ते दिसलं म्हणून माझं काही कमी होत नाही. आत रुसलेले आहेत, ज्याला हवे त्याने आतून चढावं. त्यांच्यावर कानस चालणार नाही हे शेठकडून कबूल करून घेतलंय. दोन्ही बाजू माझ्या, आणि दोन्ही बाजूंना मी मान ताठ ठेवून उभी राहते.

मिस्त्री पाना घेऊन घोडीपाशी आला तेव्हा मात्र मी आडवी आले. म्हटलं, ही फिरणार नाही.

शेठ म्हणाला, "ताई, सगळे पुढे जाणार आणि ही एकटी मागे मागे? पब्लिक काय म्हणेल?"

मी म्हटलं, "पब्लिकला विचारा की. तुमचंच वाक्य आहे."

दात पडलेली मुलगी तिकीट घेऊन उभीच होती. तिने आमची वाट बघितली नाही. घोडीवर चढली, चक्री सुरू झाली, आणि ती उलटी जायला लागली. बाकीच्या मुलांना पुढच्याची पाठ दिसते, हिला मागून येणाऱ्या सगळ्यांची तोंडं दिसत होती. पहिल्याच फेरीत ती ओरडली, "मला सगळे दिसतात!"

रांग लागली असं लिहिणार होते, पण तू म्हणशील थापा मारते. रांग लागली नाही. बरीच मुलं घाबरतात, काहींना मळमळतं, ती सरळ पांढऱ्या घोड्याकडे जातात. पण जी बसतात ती दुसऱ्या कशावरही बसत नाहीत. शेठ हल्ली तिकिटाच्या खिडकीपाशी आलेल्यांना स्वतःच सांगतो, "आमच्याकडे एक उलटी घोडी आहे." जणू काही त्यानेच कोरलीय.

तर आता घोडीची सुरकुतलेली बाजू बाहेर आहे. तुझी गुळगुळीत बाजू आत, अडगळीच्या खोलीत. तिथून कसं दिसतं ते येऊन बघ. मी लहानपणभर बघितलंय.

आणि घोडीच्या बरोबर समोर कोण येतं, ते लिहायचं राहिलं. तुझ्या कागदी नमुन्यावरून केलेला पांढरा घोडा. तो पुढे येत असतो, ती मागे जात असते. दिवसभर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत फिरतात आणि मधलं अंतर ना कमी होतं ना जास्त. आई परवा बाकावर बसून कितीतरी वेळ ते बघत होती. घरी येताना म्हणाली, "दोघंही बापावर गेलीत." घोड्यांबद्दल म्हणत नव्हती.

मी मिस्त्रीला विचारलंय. पांढऱ्या घोड्याचा खांब एक भोक पुढे सरकवता येतो. वरून मी पान्याने सोडवीन, खालून धरायला एक माणूस लागतो. मिस्त्री तयार आहे, शेठही तयार आहे. त्यांना मी हात लावू देणार नाही.

घोडी फिरणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पाना माझ्याकडे आहे. येताना कानस आणू नकोस.